वर्दी आणि कर्ज

कर्ज थकलं की पोलिसाची नोकरी जाते, असं आपल्या बैठकीत नेहमी बोललं जातं. नियम काय सांगतात ते बघूया.

इंग्रजांच्या काळात दिवाळखोरीचे दोन कायदे झाले. १९०९ चा मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी आणि १९२० चा बाकी मुलखासाठी. कर्जात बुडालेल्याला कोर्टाची वाट मिळाली. सरकारी नोकराला मात्र वर्तणूक नियमही पाळावे लागतात. १९६४ मध्ये ते केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आले, १९६८ मध्ये आयपीएससारख्या सेवांसाठी आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यांसाठी. आपले पोलीस त्यातच येतात.

नियम म्हणतो, कर्जबाजारीपणाची सवय नको. वसुलीचा किंवा दिवाळखोरीचा दावा झाला तर लगेच कळवा. उधळपट्टी केली नाही, संकटच तसं आलं, हे दाखवायची जबाबदारी कर्मचाऱ्यावरच असते.

म्हणून घरात कुणी पोलीस असेल, तर कोर्टाची नोटीस लाजेपोटी कपाटात ठेवू नका. दवाखान्याची बिलं, हप्त्यांच्या पावत्या जपा. आजारपणापायी झालेलं कर्ज साहेबांपुढे मांडता येतं. ते लपवलं, तर लपवल्याचाही जाब द्यावा लागतो.