मैदान एकाचें, प्रेक्षक दुसऱ्याचे

मिसिसिपी नदीच्या कांठीं वसलेल्या सेंट लुई शहरांत स्पोर्ट्समन्स पार्क नांवाचें बेसबॉलचें एक मैदान होतें. १९२० सालापासून १९५३ सालापर्यंत या एकाच मैदानावर शहरांतील दोन धंदेवाईक संघ आळीपाळीनें खेळत असत. एक संघ परगांवीं दौऱ्यावर गेला म्हणजे दुसरा घरीं खेळावयास येई. मैदान सेंट लुई ब्राउन्स या संघाच्या मालकीचें होतें आणि सेंट लुई कार्डिनल्स हा संघ तेथें भाडेकरू म्हणून राहत होता. मात्र वर्षामागून वर्षें लोटलीं तसतशी भाडेकरूच्या सामन्यांना रीघ लागूं लागली आणि घरमालकाच्या सामन्यांना रिकामीं बाकें उरूं लागलीं. अखेरीस घरमालकालाच गांव सोडावा लागला. हें कसें घडलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

अमेरिकेंत धंदेवाईक बेसबॉलचे दोन प्रमुख संघसमूह आहेत. नॅशनल लीग हा जुना आणि अमेरिकन लीग हा १९०१ सालीं त्याच्या बरोबरीनें उभा राहिलेला. दोहोंचे विजेते हंगामाच्या शेवटीं वर्ल्ड सीरीज या सामन्यांच्या मालिकेंत एकमेकांस भिडतात. कार्डिनल्स नॅशनल लीगचे. अमेरिकन लीगनें १९०२ सालीं मिल्वाकी येथील आपला संघ सेंट लुईस आणला व त्यास ब्राउन्स हें नांव दिलें. या नांवांत मोठी धूर्तता होती. कार्डिनल्सचाच पूर्वज असलेल्या संघानें १८८५ ते १८८८ अशीं लागोपाठ चार वर्षें आपल्या लीगचें अजिंक्यपद याच नांवानें मिळविलें होतें. नव्या संघानें जुन्या संघाचें गाजलेलें नांव उचललें आणि जेसी बर्केट, बॉबी वॉलेस यांसारखे त्याचे नामवंत खेळाडूहि आपल्याकडे ओढले. पहिल्याच वर्षीं ब्राउन्स दुसऱ्या क्रमांकावर आले.

या संघाच्या पुढील दुर्दैवाचें मूळ एका माणसाच्या जाण्यांत आहे. ब्रँच रिकी हा १९१३ ते १९१५ या काळांत ब्राउन्सचा व्यवस्थापक होता. १९१६ सालीं फिल बॉल नांवाच्या धनिकानें संघ विकत घेतला. बॉलचा स्वभाव तापट व रोखठोक. रिकीशीं त्याचें जमलें नाहीं, आणि १९१७ सालीं रिकी कार्डिनल्सकडे गेला. कार्डिनल्सची स्थिति तेव्हां दीनवाणी होती. त्यांचें लांकडी मैदान मोडकळीस आलें होतें व तें दुरुस्त करण्यास पैसा नव्हता. १९२० सालीं कार्डिनल्सचा सूत्रधार सॅम ब्रेडन यानें बॉलची वारंवार मनधरणी केली आणि बॉलनें अखेर त्यांना स्पोर्ट्समन्स पार्कमध्यें भाड्यानें जागा दिली.

कार्डिनल्सनीं आपली जुनी जागा विकली. त्या पैशाच्या आधारावर रिकीनें लहान गांवांतील दुय्यम संघ एकामागून एक हातीं घेतले आणि तेथें होतकरू मुलांना वर्षानुवर्षें तयार करून वर आणण्याची पद्धति सुरू केली. खेळाडू विकत घेण्याची ऐपत नसलेल्या संघानें ते पिकविण्यास आरंभ केला. बॉलनें भाडेकरू घरांत घेतला, त्याच वेळीं प्रतिस्पर्ध्याच्या भावी वैभवाला भांडवल मिळालें.

हें त्या वेळीं कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, कारण १९२२ सालीं शहर ब्राउन्सच्या नादीं लागलें होतें. जॉर्ज सिस्लर यानें त्या वर्षीं ०.४२० ही सरासरी गांठली, म्हणजे फटका मारण्याच्या दर हजार संधींत ४२० वेळां तो यशस्वी झाला. केन विल्यम्सनें ३९ होमरन मारले. सात लाखांहून अधिक लोकांनीं ब्राउन्सचे घरचे सामने पाहिले. परंतु न्यू यॉर्कच्या यँकीज संघानें अवघ्या एका सामन्याच्या फरकानें त्यांना मागें टाकलें. पुढच्याच वर्षीं सिस्लरला डोळ्यांच्या विकारानें ग्रासलें व संबंध हंगाम त्याला बाहेर बसावें लागलें.

बॉलचा आत्मविश्वास मात्र ढळला नाहीं. १९२६ सालीं आपल्या मैदानावर वर्ल्ड सीरीज होईल, असें तो सांगे. त्यासाठीं पैसा खर्चून त्यानें मैदानांतील आसनें तीस हजारांच्या घरांत नेलीं. भाकीत खरें ठरलें. १९२६ सालीं स्पोर्ट्समन्स पार्कमध्यें वर्ल्ड सीरीज झाली, पण ती खेळले कार्डिनल्स, आणि यँकीजना चारास तीन सामन्यांनीं हरवून त्यांनीं ती जिंकलीहि. घरमालकानें वाढविलेल्या बाकांवर बसून शहरानें भाडेकरूचा जयजयकार केला.

त्या दिवसापासून पारडें फिरलें. कार्डिनल्सनीं १९३१ व १९३४ सालीं पुन्हां अजिंक्यपद मिळविलें. डिझी डीनसारखे त्यांचे रांगडे, विनोदी खेळाडू घराघरांत ठाऊक झाले. उलट १९३५ च्या हंगामांत ब्राउन्सच्या घरच्या सर्व सामन्यांना मिळून ८०,९२२ प्रेक्षक आले. ही एका दिवसाची नव्हे, संबंध वर्षाची संख्या आहे! मंदीच्या त्या काळांत ज्याच्या खिशांत एका सामन्यापुरतेच पैसे असत, तो ते कार्डिनल्सवर खर्ची. शिवाय बाप ज्या संघाचा, मुलगाहि त्याच संघाचा, असा क्रम पडून गेला होता.

१९४१ सालीं मालक डॉनल्ड बार्न्स यानें संघ लॉस एंजल्सला नेण्याचा बेत आंखला. लीगच्या बैठकींत त्यावर विचार व्हावयाचा दिवस होता ८ डिसेंबर. आदल्या दिवशीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि तो बेत तेथेंच संपला.

ज्या युद्धानें ब्राउन्सना अडकवून ठेविलें, त्याच युद्धानें त्यांना एक सुवर्णक्षण दिला. इतर संघांतील कित्येक नामांकित खेळाडू सैन्यांत गेले. ब्राउन्सचे पुष्कळसे गडी प्रकृतीच्या कारणानें सैन्यास अपात्र ठरलेले होते. १९४४ सालीं पहिले नऊ सामने ओळीनें जिंकून त्यांनीं आरंभ केला आणि १ ऑक्टोबर रोजीं, हंगामाच्या शेवटच्या दिवशीं, यँकीजना ५-२ असें हरवून अमेरिकन लीगचें विजेतेपद पटकाविलें. बेचाळीस वर्षांतील तें पहिलें आणि तेंच शेवटचें. त्या वर्षीं ब्राउन्सचे प्रेक्षक ५,०८,६४४ झाले व कार्डिनल्सच्या आंकड्यालाहि त्यांनीं मागें टाकलें.

आणि वर्ल्ड सीरीजमध्यें त्यांच्यासमोर कोण उभें ठाकलें? कार्डिनल्सच! सर्व सामने एकाच मैदानावर. दोन्ही संघांचे व्यवस्थापक, लूक सेवेल व बिली साउथवर्थ, एकाच बिऱ्हाडांत राहत. एक गांवीं असला कीं दुसरा दौऱ्यावर, म्हणून ही सोय. आतां दोघेहि एकदमच घरीं आल्यानें एकाला दुसरी जागा पाहावी लागली. पहिला सामना ब्राउन्सनीं अवघ्या दोन फटक्यांच्या बळावर २-१ असा जिंकला. शहराची सहानुभूति दुबळ्याकडे वळली. प्रेक्षक ब्राउन्सच्या बाजूनें ओरडतात हें पाहून कार्डिनल्सचा स्टॅन म्यूझियलहि चकित झाला. पण मालिका कार्डिनल्सनीं चारास दोन सामन्यांनीं जिंकली.

सहानुभूति व निष्ठा यांत अंतर असतें, तें पुढें दिसून आलें. १९४६ सालीं कार्डिनल्स पुन्हां अजिंक्य ठरले. १९४७ च्या जुलैमध्यें ब्राउन्सनीं हँक थॉम्प्सन व विलर्ड ब्राउन या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतलें. याच मैदानांत १९४४ पर्यंत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना मुख्य सज्जांत बसण्याची मनाई होती. त्यांना आतां आपुलकीनें बोलावण्याची ही संधि होती. विलर्ड ब्राउननें अमेरिकन लीगमधील कृष्णवर्णीय खेळाडूचा पहिला होमरन मारला. पण गर्दी लगेच वाढली नाहीं, तेव्हां महिनाभरांतच दोघांना निरोप देण्यांत आला. त्याच वर्षअखेर १९४४ च्या विजयाचा एक आधारस्तंभ व्हर्न स्टीफन्स हाहि बोस्टनला देऊन टाकला. निष्ठा रुजण्यास जो धीर लागतो, तो मालकांपाशींच नव्हता.

१९५१ सालीं बिल व्हीक हा हिकमती गृहस्थ मालक झाला. कार्डिनल्सलाच गांवाबाहेर घालवावयाचें असा त्याचा निर्धार होता. मैदानांतच बिऱ्हाड करून तो राहिला. तीन फूट सात इंच उंचीच्या एडी गेडेलला त्यानें बॅट घेऊन उभें केलें. इतक्या ठेंगण्या गड्यापुढें चेंडू नेमका टाकणें पिचरला साधलें नाहीं. एके दिवशीं डावपेंच ठरविण्याचा अधिकार त्यानें प्रेक्षकांच्या हातीं दिला आणि संघ तो सामना जिंकला! लोक हंसले आणि येऊंहि लागले. १९५१ सालीं तीन लाखांच्या आंत असलेली प्रेक्षकसंख्या १९५२ सालीं पांच लाखांवर गेली.

त्यांतच कार्डिनल्सचा मालक फ्रेड सेग प्राप्तिकराच्या खटल्यांत सांपडला व त्याला संघ विकणें भाग पडलें. व्हीकला विजय दिसूं लागला असेल. परंतु १९५३ च्या फेब्रुवारींत शहरांतील अ‍ॅनहायझर-बुश या बलाढ्य मद्यकंपनीनें कार्डिनल्स विकत घेतले. त्या पैशापुढें आपला टिकाव लागणार नाहीं, हें व्हीकनें ओळखलें. एप्रिलमध्यें त्यानें स्पोर्ट्समन्स पार्क त्याच कंपनीला विकलें. घरमालक आपल्याच घरांत भाडेकरू झाला.

२७ सप्टेंबर १९५३ रोजीं ब्राउन्स आपला अखेरचा सामना शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडून २-१ असा हरले. निरोपाला ३,१७४ माणसें आलीं होतीं. दोन दिवसांनीं लीगनें संघ बाल्टिमोरला नेण्यास मान्यता दिली. तेथें ओरिओल्स या नांवानें, नव्या मालकांच्या हाताखालीं, त्यानें १९६६ सालीं वर्ल्ड सीरीज जिंकली. त्याच वर्षीं कार्डिनल्सनींहि स्पोर्ट्समन्स पार्क सोडून नव्या मैदानांत मुक्काम हलविला.

ब्राउन्सपाशीं मैदान होतें, गाजलेलें नांव होतें, सिस्लरसारखा खेळाडू होता आणि एकदां विजयहि होता. रिकीनें दुय्यम संघांतून वर्षानुवर्षें जें पेरलें, तेवढें मात्र त्यांनीं कधीं पेरलें नाहीं. तरीहि त्या रविवारीं ३,१७४ माणसें हरणाऱ्या संघाला निरोप देण्यास आलीं होतीं, याचीहि नोंद इतिहासानें ठेविली पाहिजे.