तलंग की कोंबडा

आमच्या घरी चुलीच्या मागं खुराडं होतं. आईच्या पाच-सहा कोंबड्या त्यात असायच्या. एखादी कोंबडी खुडूक झाली की आई डालग्यात भुसा टाकून तिच्याखाली तेरा अंडी मांडायची. तेराच का, ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. अंडी मांडण्याआधी एकेक हातात घेऊन कंदिलापुढं धरायची, बोटांत फिरवायची आणि वेगळं काढायची. "हे टोकाला निमुळतं हाय, ह्यात कोंबडा. हे गोल हाय, ह्यात तलंग." तिला तलंगा हव्या असायच्या, म्हणून गोल अंडी आधी.

एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली की पुढची परीक्षा. पिल्लू पायाला धरून उलटं टांगायचं. मान वर उचलून धडपडलं तर कोंबडा, गप लोंबकळलं तर तलंग. आबा ओसरीवर तंबाखू मळत हे बघायचे आणि म्हणायचे, "तुझं अर्धं खरं ठरतंयच की." आई ह्याला कौतुक समजायची. आबा शाळेत गेले नव्हते, पण हिशेब पक्का होता. दोनच जाती असल्यावर आंधळ्यानं सांगितलं तरी निम्मं बरोबर येणार.

तसं चुकलं तरी आमचं काही बिघडत नव्हतं. तलंग निघाली तर अंड्याला, कोंबडा निघाला तर पाहुण्याला किंवा जत्रेला. गावठी कोंबड्याला बाजारात तलंगीपेक्षा दोन पैसे जास्तच मिळायचे. पिल्लू नर की मादी, हा प्रश्न घरच्या खुराड्यात कधी कर्जापर्यंत गेला नाही. तो मी नेला.

आमचा मुलूख विट्याकडचा, पाऊस कमी. बाहत्तरच्या दुष्काळात आबांनी खडी फोडली. शेतीच्या जिवावर राहायचं नाही हे आमच्या भागातली माणसं फार आधी शिकली होती. कुणी गलाईच्या धंद्याला कानपूर-कलकत्त्याला गेलं, कुणी मागं राहून कोंबड्या पाळल्या. मी दहावीनंतर मागं राहिलो. 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली होती, रोज अंडी खा म्हणून जाहिराती लागत होत्या आणि पत्र्याचे शेड माळावर दिसायला लागले होते. 1986 साली मीही कर्ज काढून पाचशे लेअरचं शेड घातलं. कर्ज पुरलं नाही म्हणून आईच्या पुतळ्या गहाण टाकल्या. तिनं गाठोडं सोडून त्या माझ्या हातावर ठेवल्या आणि फक्त एवढंच विचारलं, "सगळ्या तलंगाच असत्याल न्हवं?"

"सगळ्या," मी म्हणालो. "हॅचरीवाले पहिल्याच दिवशी बघून देतात."

तिला ते पटलं नाही. एका दिवसाचं पिल्लू, पिवळ्या कापसाचा गोळा, त्यात बघायचं काय?

पिल्लं आली. भाताच्या तुसावर सोडली, बल्ब लावले, रात्री दोन-दोनदा उठून बघितलं. सहाव्या आठवड्यात काही पिल्लांचे तुरे मोठे आणि लाल दिसायला लागले. आधी वाटलं तब्येत चांगली धरलीय. आई एकदा शेडच्या दारात येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि काही न बोलता घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी मोजले. एकशे बेचाळीस कोंबडे निघाले.

ज्याला हा धंदा ठाऊक नाही त्याला ह्यातलं दुखणं कळायचं नाही. लेअर म्हणजे पांढरी लेगहॉर्न. तिच्या नराला अंगावर मांस धरत नाही. बॉयलरचं पिल्लू ज्या दिवसांत विक्रीला येतं, त्या दिवसांत हा नुसता हाडं आणि पिसं. खाद्य मात्र बरोबरीनं खातो. मादीसुद्धा विसाव्या आठवड्याच्या आसपास अंड्यावर येते, तोवर पदरचंच घालायचं असतं. त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा खाणारी तोंडं फुकट.

मी तणतणत हॅचरीवर गेलो. नाव सांगत नाही, माणसं आता हयात नाहीत. मालक म्हणाला, "आमच्याकडं शंभरात दोनच्या वर चूक नसते. चला, डोळ्यानं बघा." आणि त्यानं मला त्या खोलीत नेलं.

लहान खोली, डोळे दिपतील असा एक दिवा, त्याखाली दोन पोरं बसलेली. एकाच्या डाव्या हातात पिल्लू आलं, अंगठ्यानं पोट दाबून शीट काढली, शेपटीखालची जागा बोटांनी उलगडली, पाहिलं न पाहिलं तोच पिल्लू उजवीकडच्या पेटीत. दुसरं डावीकडं. तिसरं, चौथं. मी मनात आकडे मोजायला लागलो आणि मागं पडलो. तासाला आठशे-हजार पिल्लं हा कसबी माणसाचा वेग. काय बघतोस, असं विचारलं तर त्यानं एक पिल्लू उलगडून धरलं. "मण्यासारखं दिसतं का?" मला घडीशिवाय काही दिसेना. टाचणीच्या डोक्याएवढा, किंवा त्याहून लहान उंचवटा. नराला असतो, मादीला नसतो. पण काही माद्यांनाही बारीकसा असतो, काही नरांचा चपटा असतो, आणि खरं कसब तिथंच. "कसं ओळखतोस?" म्हटल्यावर तो हसला. "ते दिसतंय."

ही विद्या आली जपानातून. पुढं ह्या विषयावर जे मिळेल ते मी वाचत गेलो, तेव्हा हे कळलं. मासुई कियोशी नावाच्या पशुविज्ञानातल्या माणसानं, हाशिमोतो आणि ओनो ह्या साथीदारांबरोबर, 1920 नंतरच्या काही वर्षांत एका दिवसाच्या पिल्लांची शेकड्यांनी तपासणी करून हा मणी शोधून काढला. त्याआधी जगात कुठंच लेगहॉर्नच्या पिल्लाचं असं खात्रीनं सांगता येत नव्हतं. अमेरिकेतला मोठा कोंबडीवालासुद्धा माझ्यासारखाच पाच-सहा आठवडे सगळ्यांना चारून मग तुरे बघायचा. 1927 साली कॅनडात ओटावाला जागतिक कुक्कुट परिषद भरली, तिथं मासुईंनी हे मांडलं. मग जपानात शाळा निघाल्या. 1930 नंतर तिथली शिकलेली पोरं बोटीनं कॅनडा-अमेरिकेला जायला लागली. हंगामात ह्या हॅचरीवरून त्या हॅचरीवर, पिल्लामागं ठरलेला दर घेऊन. 1933 साली मासुई आणि हाशिमोतोंचं पुस्तक इंग्रजीत निघालं, पण नुसतं पुस्तक वाचून हे येत नाही. वस्ताद मागं उभा राहून "हो", "नाही" म्हणत राहतो आणि हजारो पिल्लांनंतर कधीतरी डोळा बसतो.

हे वाचताना मला आमचे गलाईवाले आठवले. दुष्काळी गावातला पोरगा, भाषा येत नाही, गाव ठाऊक नाही, पण सोनं बघायची नजर घेऊन परमुलखात दुकान टाकतो. ज्याच्याकडं रान नाही त्यानं विद्या हातात धरून नेली की जगात कुठंही भाकरी मिळते.

ह्याहून सोप्या वाटाही निघाल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या प्लायमाउथ रॉक कोंबडीला ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा दिला तर नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादीचं डोकं काळंच राहतं. लहान पोरगंसुद्धा निवडेल. काही जातींत पंखांवरून कळतं. मादीची पंखातली लांब पिसं वरच्या आच्छादनाच्या पिसांपुढं निघालेली असतात, नराची दोन्ही सारखीच. पण त्यासाठी आईबाप तसे जुळवून पैदास करावी लागते आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच बघावं लागतं. आईच्या टोकदार अंड्याला मात्र कुठल्याच शास्त्रानं साथ दिली नाही.

मग माझ्या पेट्यांत एकशे बेचाळीस आले कुठून? त्या खोलीत उभं राहूनच मला उत्तर दिसलं. त्या पोराचा हात चुकत नव्हता. नरांच्या पेट्या आणि माद्यांच्या पेट्या एकाच भिंतीला रचून ठेवल्या होत्या आणि गाडी भरणारा तिसराच माणूस होता. चुकून की जाणून, ते मला आजही सांगता येणार नाही. नुकसान कुणी भरून दिलं नाही. पुतळ्या सोडवायला चार वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट तिथं दिसली. नरांच्या पेट्या एका मोठ्या पिंपाजवळ होत्या. पिंपात काय व्हायचं ते सांगायला नको. ज्या दिवशी पहिल्याच तासाला ओळखायची विद्या माणसाला मिळाली, त्या दिवशी लेअरच्या नराचे पुढचे पाच आठवडे गेले. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये आता असं मारायला बंदी आहे. जर्मनीत ती 2022 पासून आली. तिथं लेझरनं अंड्याला बारीक भोक पाडून थेंबभर पाणी काढतात आणि पिल्लू व्हायच्या आधीच सांगतात. आई असती तर म्हणाली असती, मी कंदिलापुढं तेच करत होते.

पुढच्या वर्षी कुक्कुटपालनाच्या एका प्रशिक्षणाला गेलो. तिथले डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "कोंबड्यांत नर की मादी हे कोंबडीच्या अंड्यावर ठरतं. माणसात उलटं, ते बापाकडून ठरतं." वर्गात हशा झाला. मी हसलो नाही. माझ्या घरी तेव्हा दोन मुली होत्या आणि भावकीतल्या बायका माझ्या मंडळींना येता-जाता बोलत होत्या. घरी येऊन मी जेवताना आईसमोर ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आईनं भाकरी थापायची थांबवली नाही. मंडळींनी मात्र ताटावरून मान वर करून माझ्याकडं एकदा पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

1988 साली त्यांना पुन्हा दिवस गेले. त्याच साली आपल्या राज्यात गर्भाच्या तपासणीवर कायदा आला, सगळ्या देशाला तो 1994 साली आला. पण कायद्याच्या आधी आणि नंतरही शहरात जाऊन येणारी माणसं आमच्या आळीत होती. एक चुलते ओसरीवर बसून म्हणाले, "बघून घ्या की. आता कळतंय आधी." मी काही बोलायच्या आत आई आतून बाहेर आली. "पिल्लाचं बघितलं तर पिंपात टाकत्यात म्हणं," ती म्हणाली. "तू बघून आल्यावर सांगितलंस न्हवं मला? मग हे कशाला बघायचं?" चुलत्यांनी चहा अर्धा ठेवला.

तिसरीही मुलगीच झाली. आईनं पाचवीला पुतळ्यांतली एक, नुकतीच सोडवून आणलेली पहिली, तिच्या गळ्यात घातली.

ती पाच-सहा वर्षांची असताना जत्रेत गुलाबी रंगवलेल्या पिल्लासाठी हटून बसली. गुलाबी, हिरवी, निळी अशी पाटी भरून पिल्लं घेऊन एक माणूस बसलेला. हॅचरीवरचे पिंपातून वाचलेले नर, रंग देऊन पोरांना विकायचे. मला ठाऊक होतं, मी बोललो नाही. घरी आल्यावर तिनं ते आजीच्या हातात दिलं. आईनं पायाला धरून उलटं टांगलं. ते गप लोंबकळलं.

"तलंग हाय गं," आई म्हणाली. "अंडी देईल तुला."

गुलाबी रंग पंधरा दिवसांत गेला, पांढरी पिसं आली. मांजरापासून, कावळ्यापासून वाचलं. पोरीनं त्याचं नाव राणी ठेवलं होतं. एके दिवशी पहाटे खुराड्यातून फाटक्या आवाजात बांग आली. पोरगी अंथरुणातून उठून आजीकडं धावली. आई चुलीत फुंकर घालत होती, तिनं मान वर केली नाही.

"अर्धं खरं ठरतंयच की," ती म्हणाली.