तळटीप १४ : सिंथेसायझर

वसईच्या लग्नांत कीबोर्ड ऐकून वाढलेल्या वाचकांनी मुंबईच्या चरणजित सिंगांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी (एचएमव्ही, १९८२) जरूर ऐकावी. वाद्ये तीन, तिन्ही रोलँडची : ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३. टीबी-३०३वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. त्यामुळे ललत, यमन यांच्याखालचा यांत्रिक खर्जही मींड घेतल्यासारखा लवतो. ही किमया विलक्षण आहे. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा आरंभ मानली जाणारी, टीबी-३०३च्याच खर्जावर बेतलेली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ साली आली. सिंगांची तबकडी २०१०मध्ये पुन्हा निघाली. २०१५मध्ये ते वारले.