बाहुल्यांचे चित्रपट आणि मुलांची भीति

१९१० सालीं, तत्कालीन रशियन साम्राज्यांतील कौनास येथील निसर्गेतिहास-संग्रहालयाचा संचालक व्लादिस्लाव स्तारेविच एका विचित्र अडचणींत सांपडला होता. शिंगाड्या भुंग्यांची झुंज त्याला चित्रित करावयाची होती. परंतु भुंगे पडले निशाचर, आणि चित्रणासाठीं दिवे लावले कीं ते निपचित पडून राहत. अखेर त्यानें मेलेले भुंगे घेतले, त्यांच्या पायांच्या जागीं मेणानें तारा बसविल्या आणि प्रत्येक चित्रागणिक ते पाय तिळातिळानें हलवून सारी झुंज उभी केली. त्याच्या पुढील कीटकनाट्यांतील नट हे शिकवून तयार केलेले जिवंत कीटकच असावेत, असा कित्येक प्रेक्षकांचा समज झाल्याचें सांगतात.

निर्जीव देहांत प्राण भासविण्याची ही विद्या ‘स्टॉप मोशन’ या नांवानें ओळखली जाते. तिचे प्राथमिक प्रयोग स्तारेविचच्याही आधीं झाले होते. तथापि मृताला चालविण्याचें जें सामर्थ्य या प्रसंगीं प्रकट झालें, त्यांतच पुढील वादाचें बीज होतें. असले चित्रपट मुलांना दाखवावेत काय, हा तो वाद होय.

या विद्येचें तत्त्व सोपें, पण साधना खडतर आहे. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चित्रें सरकतात. बाहुलीचा हात किंचित् हलवावयाचा, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हा हलवावयाचा. असें दिवसचे दिवस चालतें. हेन्री सेलिक यांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ या १९९३ सालच्या चित्रपटाला सुमारें तीन वर्षें लागलीं. महाराष्ट्रालाही ही युक्ति अपरिचित नव्हती. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्रा’च्या आधीं, १९१२ सालीं, वाटाण्याच्या अंकुराची वाढ थांबून थांबून घेतलेल्या चित्रांनीं पडद्यावर दाखविली होती, आणि पुढें आगकाड्यांनाही त्यांनीं याच मार्गानें नाचविलें. वाटाण्याचें रोप डोळ्यांदेखत वर येतांना पाहून मूल टाळ्या पिटतें; मग त्याच युक्तीनें बाहुली मान वळवून पाहूं लागली, तर त्याच मुलाच्या अंगावर कांटा कां उभा राहावा?

जर्मन मनोवैज्ञानिक अर्न्स्ट येंच यांनीं १९०६ सालीं एका निबंधांत याचें मर्म सांगितलें आहे. एखादी वस्तु सजीव आहे कीं निर्जीव, याविषयीं मन साशंक झालें म्हणजे अस्वस्थ करणारी एक विशिष्ट भीति उत्पन्न होते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. रेखाटलेलें चित्र कितीही हललें तरी तें चित्रच असतें. बाहुलीचें तसें नाहीं. तिचें कापड खरें, केंस खरे, भिंतीवर पडणारी सावलीही खरी. खोटा असतो तो केवळ तिचा जीव. त्यांतून तिच्या हालचालींत एक सूक्ष्म धक्का राहून जातो, आणि ती माणसासारखी असूनही माणूस नाहीं, याची जाणीव तो क्षणोक्षणीं करून देतो.

चित्रकथांच्या भयानकतेविषयींचा वाद मात्र बाहुल्यांपुरताच मर्यादित राहिला नाहीं. डिस्ने यांच्या ‘स्नो व्हाइट’ या रेखाटलेल्या चित्रपटाला १९३८ सालीं ब्रिटिश परीक्षकमंडळानें मुलांना एकट्यानें पाहण्याची मोकळीक दिली नाहीं. सोबत वडील माणूस असावें, असा दंडक घातला. अनेक स्थानिक संस्थांनीं तो दंडक आपल्या अधिकारांत शिथिल केला. १९८४ सालीं टिम बर्टन यांनीं, मेलेल्या कुत्र्याला विजेच्या योगें जिवंत करणाऱ्या मुलाची ‘फ्रँकेनवीनी’ ही छोटी कथा जिवंत नटांकडून करवून घेतली. ती डिस्ने कंपनीच्या ‘पिनोकिओ’बरोबर दाखविण्याचा बेत होता; परंतु मुलांना सोसणार नाहीं या शंकेनें तो रहित झाला. पुढें ‘नाइटमेअर’ही त्याच कंपनीनें स्वतःच्या नांवाऐवजीं टचस्टोन या आपल्या दुसऱ्या नांवाखालीं प्रसिद्ध केला. आणि काळाचा महिमा असा, कीं २०१२ सालीं तीच ‘फ्रँकेनवीनी’ बाहुल्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट होऊन डिस्नेच्याच नांवानें बाहेर पडली.

या वादाचें खरें स्वरूप ‘कोरलाईन’च्या कथेंत दिसून येतें. नील गेमन यांची ही कादंबरी २००२ सालीं निघाली आणि सेलिक यांनीं २००९ सालीं तिचा बाहुलीपट केला. कामांत गढलेल्या आईबापांची एक मुलगी भिंतींतल्या दारानें दुसऱ्या घरांत जाते. तेथें तिला दुसरी आई भेटते. ती प्रेमळ आहे, रुचकर जेवूं घालते. परंतु तिच्या डोळ्यांच्या जागीं काळीं बटणें आहेत, आणि तशींच बटणें तिला मुलीच्या डोळ्यांवर शिवावयाचीं आहेत. राक्षस बाहेरून येतो, त्याला दार लावतां येतें. पण आईच आई नसेल तर मुलानें जावें कोठें?

गेमन यांनीं सांगितलेली हकीकत अशी, कीं त्यांच्या प्रतिनिधि बाईंना ही कथा मुलांसाठीं फार भीतिदायक वाटली. तेव्हां त्यांनीं ती घरच्या मुलींना वाचून दाखवावी, असें गेमन यांनीं सुचविलें. मुली घाबरल्या नाहींत, असें दिसून आल्यावर पुस्तक मुलांसाठीं म्हणून निघालें. पुष्कळ वर्षांनीं त्यांपैकीं एकीनें कबूल केलें, कीं ती अतिशय भ्याली होती. पण तसें सांगितलें असतें तर वाचन थांबलें असतें आणि पुढें काय झालें हें कळलें नसतें!

या कबुलीनें दोन्ही पक्षांनीं अंतर्मुख व्हावें. भीति वाटूनही त्या मुलीला गोष्ट सोडवेना. म्हणजे भीति आणि अपाय हीं एकच नव्हेत. उलट, ती भीति शेजारीं बसून वाचणाऱ्या आईलाही दिसली नाहीं; म्हणजे मूल गप्प आहे, यावरून तें निर्भय आहे असें ठरत नाहीं.

विस्कॉन्सिन विद्यापीठांतील ज्योआन कँटर यांनीं या विषयाचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचें म्हणणें असें, कीं शाळेत न जाणारें मूल रूपाला भितें. मोठें मूल संभाव्य संकटाला भितें. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘हें खरें नाहीं’ असें समजावून फारसा उपयोग होत नाहीं. त्याला जवळ घेणें, दृश्यापासून दूर नेणें हाच उपाय. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र समजूत पटते. उलट बाजूनें ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९७६ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं मुलाच्या मनांत भय असतेंच. परीकथा त्याला रूप देते आणि त्यावर जय मिळवितां येतो हेंही शिकविते.

हें खरें, परंतु ऐकलेली कथा आणि पाहिलेला चित्रपट यांत भेद आहे. भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टींतला वाघ प्रत्येक मूल आपापल्या मगदुराप्रमाणें लहानमोठा करतें. शिवाय आजीचें लक्ष नातवाच्या चेहऱ्याकडे असतें. तो कावराबावरा झाला कीं ती आवाज मऊ करते. पडद्यावरील वाघ दुसऱ्यानें मापून ठेवलेला असतो, आणि पडदा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत नाहीं.

तें काम प्रमाणपत्रालाही साधत नाहीं. भारतांत २०२३ च्या दुरुस्तीनें पालकांच्या मार्गदर्शनाखालीं पाहण्याच्या चित्रपटांसाठीं सात, तेरा व सोळा अशा वयाच्या पायऱ्या ठरल्या, हें चांगलेंच झालें. परंतु सात वर्षांचीं सारीं मुलें एकाच काळजाचीं नसतात. वडील माणसानें चित्रपट आधीं स्वतः पाहावा, दिवसाउजेडीं दाखवावा, शेजारीं बसावें, आणि मूल उठून जाऊं म्हणेल तर त्याला भित्रें म्हणूं नये. बाहुली कशी हलवितात, हेंही नंतर दाखवावें. कोरलाईन अखेर आपल्या खऱ्या आईबापांना सोडवून घरीं परतते. हा शेवट पाहतांना मुलाचा हात कोणाच्या तरी हातांत असावा, एवढेंच पाहावयाचें.