लाल बूथाचें गाणें

किल्ले, राजवाडे आणि रणांगणें यांवर गीतें रचिलीं जावींत, यांत नवल नाहीं. परंतु रस्त्याच्या कडेच्या टेलिफोन-बूथावर कोणीं गाणें रचावें, आणि 37 वर्षांनीं त्या गाण्यामुळेंच तें बूथ वांचावें, ही गोष्ट खासच विरळा होय.

इंग्लंडच्या वायव्य भागांत मर्सी नदीच्या पूर्वतीरीं लिव्हरपूल शहर वसलें आहे. नदीपलीकडील विरल द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यास मेल्स हें लहानसें गांव आहे. अँडी मॅक्लस्की व पॉल हम्फ्रीज हे बालमित्र याच भागांत वाढले. 1975 सालीं लिव्हरपूलच्या एम्पायर नाट्यगृहांत मॅक्लस्कीनें क्राफ्टवेर्क या जर्मन मंडळीचें वादन ऐकलें. विजेच्या कंपनांतून स्वर निर्माण करणाऱ्या त्या वाद्यांनीं त्याला नवी वाट दाखविली. पण तसलीं वाद्यें महाग, आणि हाताशीं पैका नाहीं! हम्फ्रीजनें रेडिओचे सुटे भाग जोडून आवाज काढणारीं यंत्रें बनविलीं. मॅक्लस्कीनें आईकडील मालाच्या सूचिपत्रांतून एक साधा सिंथेसायझर आठवड्याच्या हप्त्यांनीं घेतला. 1978 च्या ऑक्टोबरांत 'ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क' असें लांबलचक नांव धारण करून या जोडीनें लिव्हरपूलच्या एरिक्स क्लबांत पहिला जलसा केला.

मंडळी उभी राहिली; पण कचेरी कोठें? ती उणीव मेल्समधील 'रेल्वे इन' या मद्यगृहाजवळच्या सार्वजनिक बूथानें भरून काढली. मंडळीच्या कामकाजाचीं बोलणीं तेथून होत. या उपकाराची फेड त्यांनीं गाण्यानेंच केली. 'रेड फ्रेम/व्हाइट लाइट', म्हणजे लाल चौकट नि पांढरा दिवा, हें गाणें फेब्रुवारी 1980 मध्यें डिनडिस्क कंपनीनें तबकडीवर काढलें. त्या बूथाचा टेलिफोन-क्रमांकही गाण्यांत गुंफलेला आहे.

लोकप्रियतेच्या ब्रिटिश यादींत तें 67 व्या क्रमांकापुढें सरकलें नाहीं. त्याच वर्षीं 'मेसेजेस' 13 व्या आणि 'एनोला गे' 8 व्या स्थानीं पोंचलें, आणि त्या झगमगाटांत हें साधें गाणें मागें पडलें.

पुढें घरोघर टेलिफोन आले, नंतर ते खिशांत आले, आणि रस्त्यावरचीं बूथें ओस पडलीं. ऑगस्ट 2017 मध्यें टेलिफोन कंपनीनें मेल्सचें तें बूथ उचलून नेलें. तेव्हां त्या गाण्याच्या चाहत्यांनीं एकच ओरड केली, आणि कंपनीला बूथ परत उभें करावें लागलें.

ब्रिटनमधील लाल बूथाचा सर्वपरिचित नमुना 1935 सालीं सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीं आंखला. लिव्हरपूलचें भव्य अँग्लिकन कॅथीड्रल हीही त्यांचीच कृति. कॅथीड्रलाची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. रस्त्यावरच्या बूथाचा कैवार कोण घेणार? मेल्समध्यें तो एका गाण्यानें घेतला. यादींत 67 वें ठरलेलें गाणें ज्या वस्तूचें ऋणी होतें, तिला तें विसरलें नाहीं, आणि इतरांनाही त्यानें विसरूं दिलें नाहीं. गाण्याचें मोल खपाच्या आंकड्यांनीं मापणाऱ्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.