शेताची हद्द आणि आकाशातली घड्याळे

तोरणमाळच्या पठारावर यशवंत तलावाच्या काठी उभे राहिले की आकाश चारही बाजूंनी मोकळे दिसते. सीताखाईसारख्या दरीत उतरले की त्याच आकाशाची एक पट्टी तेवढी उरते. फिरायला आलेल्या माणसाला हा फरक देखाव्यातला वाटेल. पण जागा सांगणारे यंत्र हातात घेऊन सातपुड्यातले एखादे शेत मोजायचे असेल, तर हा फरक थेट जमिनीच्या मोजमापात उतरतो. तो कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

जमीन मोजण्याचे आपल्याकडचे जुने साधन म्हणजे शंकू आणि साखळी. शंकूने काटकोन साधायचा, साखळीने अंतर मोजायचे. मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे १६ आणे असत. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबाऱ्यावरचा गुंठा असा साखळीला बांधलेला आहे.

ब्रिटिश अमदानीत खानदेशच्या सपाटीवरची शेते मोजली गेली. त्यांना सर्व्हे नंबर मिळाले, त्यांचे नकाशे झाले. डोंगरात मात्र वेगळे घडले. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याखाली देशभर डोंगराळ मुलूख सरकारी जंगल म्हणून नोंदला गेला. त्यात पिढ्यानपिढ्या नांगर धरणाऱ्या पावरा, भिल्ल अशा अनेक कुटुंबांच्या शेतांना ना नंबर मिळाला ना नकाशा. शेत होते, पीक होते, बांध होता. कागदावर मात्र ते ‘अतिक्रमण’ होते.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढ्या पण जास्तीत जास्त ४ हेक्टर जमिनीवर हक्क मागता येईल, असे त्यात ठरले. नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हजारो दावे दाखल झाले. पण दावा करायचा तर शेत कोठे आहे आणि किती आहे, हे सांगायला हवे. वेड्यावाकड्या हद्दींच्या, उतारावरच्या इतक्या शेतांत साखळी ओढत फिरायला भूमापक तरी किती मिळणार? येथे मुठीत मावणारे एक यंत्र कामास आले. ते मुळात या कामासाठी बनलेलेच नव्हते.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये जीपीएस योजना हाती घेतली आणि तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. हेतू लष्करी होता. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले, ते पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. हातात धरण्याजोगे पहिले यंत्र १९८९ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत सुमारे ३,००० डॉलर होती.

हे यंत्र जागा कशी ओळखते? गंमत अशी की ते अंतर मोजत नाही, वेळ मोजते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळे असतात. ‘मी आता अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत,’ असा संदेश उपग्रह सतत पाठवत असतो. तो प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी आपल्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. हा उशीर कळला की उपग्रहाचे अंतर कळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा ठरते. मग चौथा कशाला? आपल्या यंत्रातले घड्याळ साधे असते म्हणून. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक येते. चौथ्या उपग्रहामुळे ही चूक हिशेबातून काढून टाकता येते.

येथे वर्गात मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. यंत्र उपग्रहाला काहीच पाठवत नाही, ते फक्त ऐकते, रेडिओसारखे. म्हणून मोबाईलच्या टॉवरचा संदेश डोंगराआड अडला, तरी मोकळ्या आकाशाखाली फोन आपले अक्षांश-रेखांश सांगू शकतो. नेटवर्क नाही म्हणजे जीपीएस नाही, हा समज चुकीचा आहे.

पण १९९० च्या दशकात या यंत्राने शेत मोजता आले नसते. नागरी वापराच्या संदेशात अमेरिकेने मुद्दाम चूक मिसळली होती, त्यामुळे दाखवलेली जागा १०० मीटरपर्यंत सरकत असे. एक एकराचे चौरस शेत घ्या. त्याची बाजू सुमारे ६४ मीटर. म्हणजे चूक शेतापेक्षा मोठी! २ मे २००० च्या सुमारास ही मुद्दामची चूक बंद करण्यात आली. कोणाच्याही हातातले यंत्र बदलले नाही, तरी ती सगळी एका रात्रीत कितीतरी पटींनी अचूक झाली. उपकरणाची नवी ताकद कधी उपकरणात नसतेच, दूर कोठेतरी घेतलेल्या निर्णयात असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला, गुजरातमध्ये, ‘आर्च’ या संस्थेबरोबर गावकऱ्यांनी हे यंत्र घेऊन आपापल्या शेतांच्या हद्दीवरून फेरी मारली आणि मिळालेली आकृती जुन्या उपग्रहचित्रावर बसवून पाहिली. २००५ पूर्वी तेथे शेती होती का, हे चित्रातही शोधता येऊ लागले. महाराष्ट्रातही दाव्यांच्या मोजणीसाठी जीपीएस यंत्रे वापरली गेली.

मात्र तेच तंत्र उलटही फिरू शकते. चित्रात शेत ओळखू आले नाही, तर? झाडे राखून केलेली शेती, पडीक ठेवलेला तुकडा, ढगांची सावली, चित्राचा भरडपणा अशी कारणे अनेक असू शकतात. केवळ उपग्रहचित्रांवरून दावे फेटाळण्याचा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयात गेला, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने अशा दाव्यांची फेरतपासणी करायला सांगितले. त्याआधी, २०१२ च्या सुधारित नियमांत केंद्र सरकारने स्पष्ट केले होते की उपग्रहचित्रे व इतर तंत्रज्ञान हे बाकीच्या पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेणारे नाही. वडीलधाऱ्यांची साक्ष, जुना बांध, विहीर, पूर्वजांच्या समाधीची जागा हेही पुरावेच आहेत, आणि दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेपुढेच होते.

आता सुरुवातीच्या दरीकडे परत येऊ. अरुंद दरीत थोडेच उपग्रह दिसतात, आणि काही संदेश कड्यावर आपटून लांबच्या वाटेने येतात. उशीर वाढतो, यंत्राला उपग्रह दूर वाटतो आणि शेताची हद्द सरकते. २०१८ पासून दोन वारंवारता एकदम ऐकणारे फोन बाजारात आले. त्यांना असे परावर्तित संदेश ओळखणे पुष्कळ सोपे जाते. चूक कमी होते, पण नाहीशी होत नाही.

दुसरी बाब उताराची. ३० अंशांच्या उतारावर शेतकरी १०० मीटर चालला, तर नकाशावरचे आडवे अंतर ८७ मीटरच भरते. सरकारी मोजणीही आडव्या अंतराचीच असते. पण पायाने मोजणाऱ्याला वाटते, यंत्राने आपली जमीन खाल्ली. हे कोणी आधी समजावून सांगितले, तर एक भांडण टळेल. शाळेतला शिक्षक हे काम सहज करू शकतो.

त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. ३३ फुटांचा दोर घ्या आणि मुलांकडून शाळेचे पटांगण मोजून घ्या. मग फोन घेऊन पटांगणाच्या कडेने चालू द्या व क्षेत्रफळ काढा. हीच फेरी तीन वेगवेगळ्या दिवशी करा. तीन उत्तरे तीन येतील. त्यानंतर दोरीने एक गुंठा आखा आणि तोही फोनने मोजा. गुंठ्याची बाजू जेमतेम १० मीटर, आणि फोनची चूक ५ मीटरची असली तर? चार हेक्टरच्या चौरसाची बाजू २०० मीटर, तेथे तीच चूक केवढी? शेकडेवारीचा धडा येथे आपोआप शिकून होईल.

शेवटी मुलांना विचारा: फोन एक हद्द दाखवतो आणि आजोबा बांधावरच्या महूच्या झाडापाशी दुसरी, तर खरे कोणाचे धरायचे? आणि ते ठरवण्याआधी आणखी काय काय तपासायला हवे?