लाचेच्या दोन तऱ्हा

लाच सर्वत्र लाचच असते. परंतु तिने राज्ये सर्वत्र सारखीच पोखरली जातात, असे नाही. नवस्वतंत्र राष्ट्रांपैकी झाईर, म्हणजे आजचे काँगो, आणि इंडोनेशिया यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मोबुटू यांनी झाईरची सत्ता १९६५ ते १९९७ पर्यंत भोगली. १९७८ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एर्विन ब्लूमेंथाल या जर्मन अधिकाऱ्यास तेथील मध्यवर्ती बँकेत धाडले. राष्ट्राची तिजोरी आणि अध्यक्षांचा खाजगी बटवा यांत भेदच उरलेला नव्हता. धनकोंनी कर्जवसुलीची आशा सोडावी, असा निर्वाळा ब्लूमेंथाल यांनी १९८२ च्या अहवालात दिला. वरचा असा लुटू लागला आणि खालच्याचे वेतन कवडीमोल झाले. तेव्हा कारकून व शिपाई जनतेलाच नाडू लागले. सप्टेंबर १९९१ मध्ये तर वेतनावरून खवळलेल्या सैनिकांनीच किन्शासा लुटली.

इंडोनेशियात १९६७ ते १९९८ या काळात सुहार्तो यांचे कुटुंबही गबर झाले. त्यांच्या एका पुत्राकडे लवंगेच्या व्यापाराचा मक्ता होता. तरीही तेथे हजारो प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या, भाताचे उत्पादन वाढले, दरडोई उत्पन्नही वाढले. कारण तेथे लाचेला एक धनी होता. तिचा दर बहुधा ठरलेला असे आणि ती देणाऱ्याचे काम होत असे. व्यापाराला जकात खात्याचा जाच असह्य होताच सुहार्तो यांनी १९८५ साली मालाची तपासणी एका स्विस कंपनीकडे सोपविली. हाताखालच्यांचे हात बांधण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होते. स्वगृहाला मात्र त्यांनी हा नियम लावला नाही.

म्हणून ही दुसरी तऱ्हा बरी म्हणावी काय? मुळीच नाही. १९९७ च्या आर्थिक अरिष्टात आप्तेष्टांना दिलेल्या कर्जांनी पोखरलेल्या बँका कोसळल्या आणि पुढील वर्षी सुहार्तो यांना पायउतार व्हावे लागले. धनी गेला, पण सवय राहिली. सत्तेबरोबर लाचही गावोगाव विखुरली.

रोग एक असला तरी निदान वेगळे, म्हणून औषधही वेगळे. उपाशी कारकुनाला आधी पोटापुरते वेतन हवे. आणि जेथे वरचाच खातो, तेथे त्यालाही जाब विचारील अशी स्वतंत्र संस्था हवी. केवळ खालच्यांना शिक्षा करून राज्य शुद्ध होत नाही, हे सुहार्तो यांच्या जकात खात्याने दाखविले आहे.